पंख, बंपर आणि पट्टा

मंडळी, आम्हा डेट्रॉइटकरांना वर्षाकाठी दोन जत्रा चुकवून चालत नाहीत. एक आपला गणेशोत्सव, आणि दुसरी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर भरणारी जुन्या गाड्यांची जत्रा, 'ड्रीम क्रूझ'. १९९५ पासून ही जत्रा भरते. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत रस्त्याच्या कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या मिरवत जातात. कुणाचं क्रोम आरशासारखं चकाकतं, कुणाचं इंजिन ढोल-ताशाला मागे टाकील असा आवाज करतं. आपल्याकडे बैलपोळ्याला बैल सजवतात ना, तसाच हा प्रकार.

आमच्याही गॅरेजमध्ये अशी एक म्हातारी आहे. १९६५ सालची, चार दारांची, आकाशी रंगाची. १९७१ मध्ये, विद्यार्थी असताना, मी ती साडेपाचशे डॉलरला घेतली. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. या गावात एका कंपनीचं नाव घेतलं की अर्धी पंगत नाराज होते, हा माझा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. बरीच वर्षं ही गाडी चादर पांघरून झोपली होती. गेल्या वर्षी चिरंजीवांनी मनावर घेतलं की तिला पुन्हा रस्त्यावर आणायची.

आणि घरात वाद सुरू झाला. चिरंजीवांचं म्हणणं, "बाबा, जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही." आमच्या नातीला नुकतंच लायसन्स मिळालेलं. तिला गाडी खाली बसवायची होती, मोठी चाकं हवी होती आणि मागच्या दिव्यांवर काळी काच हवी होती. मी आयुष्यभर गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात नोकरी केली, त्यामुळे दोघांनीही मला पंच नेमलं. मी काही बोलायच्या आत जिन्यावरून सौ.चा आवाज आला, "आधी पट्टे बसवा. मग काय रंगरंगोटी करायची ती करा."

पुढे कुणी बोललं नाही. कारण तिच्या कपाळावरची खूण सगळ्यांना माहीत आहे.

ती गोष्ट नोव्हेंबर १९७३ ची. तेव्हा इथे मराठी घरं मोजकीच होती. एका चर्चचं तळघर भाड्याने घेऊन आम्ही दिवाळी करायचो. सौ. लग्नातली पैठणी नेसली होती, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. गाडीत पुढे कमरेचे पट्टे होते, पण ते सीटच्या फटीत खोचून ठेवलेले. पट्टा बांधला की निऱ्या चुरगळतात, असं तिचं म्हणणं. मीही बांधत नसे, आणि मला तर निऱ्यांची सबबही नव्हती. वळणावर बर्फ होता. मी ब्रेक जरा जोरात दाबला, गाडी घसरली आणि दिव्याच्या खांबाला धडकली. वेग फार तर ताशी वीस मैल असेल. मी स्टिअरिंगला धरून राहिलो. ती पुढे गेली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डवरच्या क्रोमच्या पट्टीवर आपटलं. अकरा टाके पडले. खांबाला काही झालं नाही, गाडीलाही फारसं नाही. चूक सर्वस्वी माझी होती, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी चिरंजीवांनी सीट उपसली तेव्हा फटीतून ते पट्टे निघाले. अगदी नवे कोरे. बकल तर असं चकचकीत, जणू काल दुकानातून आणलंय.

त्या रात्रीपासून मला एक प्रश्न पडला होता. आम्ही दोघांनी दिसण्यासाठी पट्टा खोचून ठेवला, हे खरं. पण बसणाऱ्याच्या कपाळासमोर धातूची चकाकती पट्टी लावायची कल्पना कुणाची? या प्रश्नाचा माग घेता घेता या गावाचा एक इतिहासच हाती लागला. तो आज तुमच्यासमोर ठेवतो.

मोटारीच्या देखणेपणाचं वेगळं खातं उघडलं ते इथेच. १९२७ साली जनरल मोटर्सने हार्ली अर्ल या कॅलिफोर्नियाच्या माणसाला बोलावून रंगरूप ठरवणारा स्वतंत्र विभाग त्याच्या हाती दिला. दर वर्षी नवं रूप, म्हणजे दर वर्षी जुनी गाडी जुनाट दिसणार आणि शेजारी नवी घेणार, हे गणित तिथे पक्कं झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ लढाऊ विमानाची शेपटी या लोकांना आवडली आणि १९४८ च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख फुटले. पुढच्या दहा वर्षांत ते वाढतच गेले. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख तर इतके उंच आणि टोकदार, की आजही ड्रीम क्रूझमध्ये लोक खुर्चीतून उठून ते बघतात. पंखांचा गाडीला उपयोग शून्य. रस्त्याने चालणाऱ्याला किंवा सायकलवरच्या पोराला मात्र ते भोसकू शकत.

आता गंमत बघा. त्याच १९५९ साली जर्मनीत मर्सिडीजनेही छोटे पंख असलेली एक गाडी बाजारात आणली. दिसायला तीही काळाला धरूनच होती. पण तिच्या पत्र्याच्या आत बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना होती: गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा ठेवायचा आणि मधली माणसांची खोली मजबूत करायची. धडकेचा जोर पत्र्याने खायचा, माणसाने नाही. आणि त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने कंबर आणि खांदा दोन्ही धरणारा, एका हाताने लागणारा तीन टोकांचा पट्टा गाडीत बसवला. व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांसाठी खुलं ठेवलं. आज जगातल्या झाडून सगळ्या गाड्यांत तोच पट्टा आहे. एकाच वर्षी जन्मलेल्या या तीन गोष्टींपैकी पंख सगळ्यांना आठवतात. चुरगळणारं नाक आणि पट्टा कुणाच्या कौतुकाचा विषय होत नाहीत, कारण ते डोळ्यांत भरत नाहीत.

डेट्रॉइटमध्ये कुणाला हे सुचलंच नव्हतं, असं मात्र नाही. आमच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासूनच माणसाच्या डोक्याला किती मार सोसतो याचा अभ्यास चालू होता. त्यातले लॉरेन्स पॅट्रिक हे प्राध्यापक तर एकदम थांबणाऱ्या घसरगाडीवर स्वतः बसत, एकदा-दोनदा नव्हे, शेकडो वेळा. पुढे याच विद्यापीठात शिकलेले आणि फोर्डमध्ये काम केलेले प्रिया प्रसाद या आपल्या भारतीय अभियंत्याचं नावही या शास्त्रात आदराने घेतलं जातं. आपली मुलं आज ज्या एअरबॅगच्या भरवशावर गाडी चालवतात, त्यामागे अशा माणसांनी सोसलेले धक्के आहेत.

कंपन्यांनीही प्रयत्न केले. फोर्डने १९५६ च्या गाड्यांसाठी 'लाइफगार्ड' नावाने सुरक्षिततेची जाहिरात केली. छातीत घुसू नये म्हणून खोलगट स्टिअरिंग आणि धडकेत उघडू नयेत अशा दारांच्या कड्या सगळ्या गाड्यांना होत्या. मऊ डॅशबोर्ड आणि पट्टे हवे असतील तर जास्त पैसे मोजून घ्यायचे. त्या विभागाचे प्रमुख होते रॉबर्ट मॅकनमारा, तेच जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्या वर्षी शेव्हरलेच्या गाड्या जास्त खपल्या, आणि 'सुरक्षितता विकली जात नाही' अशी एक म्हण इथे रूढ झाली. एका वर्षाच्या खपावरून काढलेला हा निष्कर्ष पुढे दहा वर्षं पुरला.

तो मोडला १९६५ च्या नोव्हेंबरात. राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्यातलं शेव्हरले कॉर्व्हेअरवरचं पहिलं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात एक प्रकरण गाड्यांचं रूप ठरवणाऱ्यांवरही आहे, आणि ते वाचताना मला आमची क्रोमची पट्टी आठवली. जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. हे उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५०,९०० माणसं गेली होती.

या कायद्याखालची बरीच मानकं १ जानेवारी १९६८ पासून लागू झाली. प्रत्येक जागेला पट्टा, पुढच्या दोन बाजूंच्या जागांना खांद्याचाही पट्टा, धडकेत आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा, मऊ डॅशबोर्ड, एक बाजू निकामी झाली तरी दुसरी चालेल असे दुहेरी ब्रेक. १९६९ पासून पुढच्या सीटला डोक्याचा टेकू. आमची गाडी १९६५ ची, म्हणजे यातलं जवळपास काहीच तिच्यात नव्हतं.

कायद्याने लोकांचं मन मात्र लगेच बदललं नाही. १९७४ च्या गाड्यांत पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही अशी सोय केली. सीटवर किराणा मालाची पिशवी ठेवली तरी गाडी रुसायची! लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरात काँग्रेसने ती सक्ती रद्द केली. पट्टा बांधलाच पाहिजे असा नियम पहिल्यांदा न्यूयॉर्क राज्यात आला, तो १९८४ च्या डिसेंबरात. आमच्या मिशिगनमध्ये जुलै १९८५ मध्ये. म्हणजे आमच्या सौ.च्या टाक्यांनंतर जवळजवळ बारा वर्षांनी.

आता बंपरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय चिरंजीव आणि नातीचा वाद सुटत नाही. १९७३ च्या गाड्यांना सरकारने अट घातली की ताशी पाच मैलांनी पुढून धडकल्यास दिवे वगैरे महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. १९७४ पासून मागूनही तेवढंच. नाजूक क्रोमचे बंपर गेले आणि त्यांच्या जागी रेल्वेच्या रुळासारखे जाडजूड दांडे आले. इंग्लंडच्या एमजीबी या देखण्या छोट्या गाडीला तर काळ्या रबराची सोंड बसली, आणि बंपर ठरलेल्या उंचीवर यावा म्हणून अख्खी गाडीच उचलावी लागली. उंच झालेली गाडी वळणावर जास्त झुकू लागली. आज त्या गाड्यांचे हौशी मालक रबर काढून जुने क्रोमचे बंपर लावतात आणि गाडी पुन्हा खाली बसवतात.

आपल्याला वाटेल, हे लोक सौंदर्यापायी जीव धोक्यात घालतात. पण हिशेब तसा नाही. ताशी पाच मैल म्हणजे लगबगीने चालण्याचा वेग. पार्किंगमधल्या ठोकरीचा खर्च वाचवणं, हे त्या बंपरचं मुख्य काम. १९८२ मध्ये सरकारनेच ती अट अडीच मैलांवर आणली. म्हणजे या गाड्यांवरची सगळ्यात ठळक दिसणारी 'सुरक्षितता' मुख्यतः पत्र्याची होती, माणसाची नव्हे. (आजच्या गाडीचा बंपर मात्र हौसेने काढू नका. त्याच्या आतला तुळईसारखा भाग धडक पेलणाऱ्या रचनेचाच एक अंग असतो.)

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातलं. पुण्याला गेलो की भाचा मोठ्या अभिमानाने जीपच्या नाकावरचा लोखंडी गार्ड दाखवायचा. "मामा, आता कुणी ठोकलं तरी काही होणार नाही." दिसायला रणगाडा. पण तो दांडा चुरगळणाऱ्या नाकाला चुरगळू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला चकवू शकतो आणि पायी चालणाऱ्याला तर थेट लोखंडच लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने राज्यांना कळवलं की असे गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा. भाच्याने कुरकुरत काढला.

"पण बाबा, जुनी गाडी म्हणजे खरं पोलाद. आजच्या गाड्या पत्र्याचे डबे," असं चिरंजीव म्हणाले. हे वाक्य ड्रीम क्रूझला दर दहा पावलांवर ऐकू येतं. त्याचं उत्तर २००९ मध्ये मिळालं. इथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू समोरासमोर, दोन्ही ताशी ४० मैलांनी, अर्धवट एकमेकींवर येतील अशा धडकवल्या. मी ती फीत घरच्यांना दाखवली. जुन्या गाडीची माणसांची खोलीच कोसळली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड पुतळ्यावर येऊन आदळले. नव्या गाडीचं नाक चुरगळलं, पण आतली जागा जशीच्या तशी. आतला माणूस पायाच्या दुखापतीवर निभावला असता. नात फीत संपल्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, आपली गाडी पहिल्या गाडीसारखी आहे ना?"

हो. आणि ही गोष्ट कुठल्याही फेरफाराने पूर्ण बदलत नाही. जुन्या गाडीच्या सांगाड्यात बारेनीचं नाक घालता येत नाही. पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग १९९८ च्या गाड्यांपासून सक्तीच्या झाल्या, त्याही तिच्यात येणार नाहीत. कायदाही आपल्याला वाचवायला येत नाही. केंद्राची मानकं नवी गाडी बनवताना लागू होतात, ती साठ वर्षांपूर्वीच्या गाडीला मागे जाऊन लागत नाहीत. बसवलेली सुरक्षेची वस्तू काढून टाकायला तो कायदा कारखानदाराला, विक्रेत्याला आणि दुरुस्तीच्या दुकानाला मनाई करतो, पण घरी स्वतः पाना हातात घेतलेल्या मालकाला नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे, पण गॅरेजमधला बराचसा निर्णय शेवटी आपलाच.

म्हणून मी पंच या नात्याने एकच कसोटी ठेवली. प्रत्येक वस्तूला विचारायचं: तू कुणासाठी आहेस? बघणाऱ्यासाठी की बसणाऱ्यासाठी? बघणाऱ्याची वस्तू जशीच्या तशी ठेवू. बसणाऱ्याच्या बाबतीत १९६५ चा आग्रह नको.

त्याप्रमाणे ठरलं. आकाशी रंग, नाजूक बंपर आणि रेडिओ मूळचेच. फटीतले नवे कोरे दिसणारे पट्टे रद्द, कारण पट्ट्याचं विणकाम न वापरताही जुनं होतं. पुढे तीन टोकांचे पट्टे. खांद्याचं टोक नुसत्या पत्र्यात न ठोकता मधल्या खांबात, मागे जाड पोलादी पट्टी देऊन, जाणकाराकडून बसवून घेतलं. आमची गाडी चार दारांची, म्हणून खांब तरी होता. ब्रेकचा एकेरी मास्टर सिलिंडर काढून दुहेरी बसवला, पुढे डिस्क ब्रेक. बॉनेट उघडल्याशिवाय हे कुणाला दिसत नाही. चाकं मूळ मापाची, पण रेडियल टायरची. गाडी खाली बसवायचा बेत नातीने स्वतःच सोडला. काळ्या काचांना नकार, कारण मागच्याला ब्रेकचा दिवा दिसणं ही आपलीच गरज.

उलट एक दिवा वाढवला. मागच्या काचेतला मधला ब्रेकचा दिवा १९८६ च्या गाड्यांपासून सक्तीचा आहे. त्याची कल्पना १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर तपासली होती, आणि पुढे सरकारी अभ्यासात मागून होणाऱ्या धडका त्याने ४.३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आकडा छोटा, पण खर्चही छोटाच.

खरी लढाई झाली डोक्याच्या टेकूवरून. सलग, बुटक्या पाठीची सीट हे त्या गाडीचं खास रूप. चिरंजीव अडून बसले. शेवटी सौ. म्हणाली, "माझी मान जाईल तेव्हा ती तुझ्या प्रदर्शनात ठेव." टेकू बसले. आणि क्रोमची ती पट्टी? मी ती काढून मऊ आवरण घालणार होतो. सौ.नेच अडवलं. "ती राहू दे. पट्टा बांधल्यावर ती माझ्यापर्यंत पोचत नाही. आणि पोरीला दाखवायला हवी."

नातीला ही गाडी रोज कॉलेजला न्यायला मिळणार नाही, हेही ठरलं. रोजच्या रस्त्याला तिची साधी, नवी, एअरबॅगवाली गाडी. म्हातारी फक्त उन्हाळ्यात, शहरातल्या रस्त्यांवर, दिवसाउजेडी. ती थोडी रुसली. पण १९६६ साली इथे दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच माणसं जायची आणि अलीकडे हा आकडा सव्वाच्या आसपास आहे, हे तिने स्वतः शोधून काढलं आणि मग हट्ट सोडला.

या ऑगस्टमध्ये आम्ही वुडवर्डवर गेलो. नात चालवत होती, मी मागे. कडेला बसलेल्या एका गोऱ्या आजोबांनी गाडी थांबवून निरखून बघितलं आणि म्हणाले, "गाडी छान आहे, पण हे टेकू आणि पट्टे मूळचे नाहीत." नातीने हसून आभार मानले. पुढे सौ. बसली होती, पुन्हा तीच पैठणी नेसून. पट्टा निऱ्यांवरून घट्ट बांधलेला. घरी येऊन उतरली, निऱ्या झटकल्या, म्हणाली, "इस्त्री करावी लागेल."

म्हटलं, मी करतो.